बंधारा बांधला, पुढे काय?

गावात नवा बंधारा झाला, की सर्वांना आनंद होतो. पहिल्या पावसाळ्यात तो भरतो, विहिरींचे पाणी वर येते आणि गावाचा विकास झाला असे आपण म्हणतो. माझ्या मते हा निकाल त्या दिवशी देऊ नये. पंधरा वर्षांनी, ऐन मे महिन्यात त्याच विहिरींत किती पाणी आहे हे पाहून तो द्यावा.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसांनी दुष्काळी कामांवर राबून पाझर तलाव आणि नालाबांध उभे केले. पुढे रोजगार हमी योजनेतूनही अशी पुष्कळ कामे झाली. तरीही अनेक गावांत उन्हाळ्यात टँकर येतच राहिला. असे का व्हावे?

एक कारण गाळाचे. वरचा डोंगर उघडा असेल, तर प्रत्येक पावसाबरोबर माती खाली येते आणि बंधारा पाण्याऐवजी मातीने भरतो. म्हणून आधी माथ्यावर चर आणि झाडे, मग पायथ्याशी बंधारा, हा क्रम पाळावा लागतो. शिवाय गाळ काढणे हे वरचेवर करायचे काम आहे. ते कोणी करायचे, हे बहुधा ठरलेलेच नसते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा मर्यादित असतो. शेताच्या बांधाने जमीन वाटली जाते, जमिनीखालचे पाणी मात्र वाटले जात नाही. एकाने विहीर खोल केली, की शेजाऱ्याची आटते. मग शेजारी बोअर घेतो.

आता थोडे गणित करू. १ हेक्टरवर १ मि.मी. पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मि.मी. आहे. म्हणजे एकूण ४०० कोटी लिटर पाणी झाले. पण बरेचसे पाणी वाहून जाते, बरेचसे वाफ होऊन जाते. साधारण दहावा हिस्सा जमिनीत मुरला असे धरले, तर ४० कोटी लिटर उरतात. उसाला सुमारे २,००० मि.मी. पाणी लागते. त्यातले ४०० मि.मी. पावसाने दिले, तरी उरलेले १,६०० मि.मी. विहिरीतून उपसावे लागेल. म्हणजे हेक्टरी १ कोटी ६० लाख लिटर! हिशेब ढोबळ आहे, पण उत्तर पाहा. अवघ्या २५ हेक्टर उसात साऱ्या गावाचे भूजल संपते. मग ज्वारीला, गुरांना आणि पिण्याला काय राहिले?

हे ओळखून इंजिनियर विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, तर घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस वर्ज्य. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने बंधारे व झाडे तर केलीच, पण शेतीसाठी बोअर आणि उसासारखी पिके यांना बंदीही घातली. तेथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात.

कोणी म्हणेल, माझ्या शेतात मी काय पेरावे हे गावाने का सांगावे? उसाचा भाव हमखास मिळतो, ज्वारीचा मिळेलच असे नाही. हा प्रश्न रास्त आहे. बंदी घालणाऱ्या गावाने कमी पाण्याच्या पिकांतून पैसा कसा मिळेल, हेही पाहिले पाहिजे. पण पाणी सर्वांचे असेल, तर त्याचा हिशेबही सर्वांचाच असणार.

आणखी एक शंका घेतली जाते. असे गाव एखाद्या कर्त्या पुढाऱ्यामुळेच घडते, तो गेल्यावर काय? धोका खरा आहे. म्हणूनच नियम कोणाच्या शब्दावर नव्हे, तर वहीत लिहिलेल्या आकड्यांवर उभे असावेत. आकडे पुढच्या पिढीला वाचता येतात.

विद्यार्थिमित्रहो, ही वही तुमच्या शाळेलाही ठेवता येईल. सरळ कडांचा डबा आणि पट्टी यांनी रोजचा पाऊस मोजा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, ऑक्टोबरात व मे महिन्यात, दोरीला वजन बांधून चार विहिरींची पाणीपातळी नोंदवा. गावात किती बोअर आहेत, कोणते पीक किती एकर आहे, हे विचारून लिहा. शिक्षकांनी ही नोंद पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. रब्बीत काय पेरायचे हे ठरण्यापूर्वी गावासमोर निदान आकडे तरी असतील.