पाण्याचा पंप दुपारी लावा

वाकडच्या सोसायट्यांत राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे.

तुमच्यातले कितीतरी जण चाकण-भोसरीच्या कंपन्यांत जातात. तिथलं गाऱ्हाणं जुनंच आहे. वीज भरवशाची हवी आणि परवडणारी हवी. भट्टी तापलेली असताना वीज गेली, तर आतला माल वाया जातो. ती झळ पुढे ओव्हरटाइमला लागते, म्हणजे तुमच्याच घराला.

वीज गेली की जनरेटरला डिझेल लागतं, आणि आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. सिलिंडरचा निम्म्याहून जास्त गॅसही आयातीचाच, बराचसा आखातातून येणारा. म्हणून डिझेल जपून वापरा आणि घरात एक इंडक्शन शेगडी असू द्या.

२००६ साली राज्यात भारनियमन जोरात होतं. तेव्हा पुण्यातले उद्योग सीआयआय या उद्योग संघटनेमार्फत पुढे आले. मागणी चढते त्या वेळी आम्ही आमचे जनरेटर चालवतो, आमच्या वाटची वीज शहराला द्या, असं त्यांनी सांगितलं. जादा खर्चापोटी जास्त वापराच्या ग्राहकांनी युनिटमागे थोडा आकार भरला. त्याला ‘पुणे मॉडेल’ म्हणत. कारखाना आणि घर यांनी एकमेकांचा भार उचलला, हे मला फार मोलाचं वाटतं. पण तो उपाय डिझेलवर चालला. आज तुम्ही डिझेल न जाळता हातभार लावू शकता.

संध्याकाळी ६ ते १० ही वेळ सांभाळा. सगळे एकदम घरी येतात. एसी, गीझर, वॉशिंग मशिन, गाडीचं चार्जिंग एकदम सुरू होतं आणि तेव्हा सोलरची वीज नसते. कपडे दिवसा धुवा. गाडी रात्री उशिरा चार्जिंगला लावा.

सोसायटीचा पंप संध्याकाळी चालत असेल, तर वेळ बदला. वॉचमनकाकांना सांगून वरची टाकी दुपारीच भरून घ्या, नाहीतर टायमर बसवा. टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. ती तुमच्या सोसायटीच्या मीटरला मिळते का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारा.

सोसायटीच्या डिझेल जनरेटरवर (डीजीवर) काय काय जोडलंय, तेही कमिटीने एकदा पाहावं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे पुरेत. क्लब हाउसचा एसी त्यावर नको.

मग गच्चीवरच्या सोलरचा विषय मीटिंगमध्ये घ्या. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराच्या सोलरला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. शेजारच्या टॉवरची सावली गच्चीवर कधी आणि किती पडते, ते आधी पाहा. वाकडमध्ये ही अडचण खरी आहे. दोन-तीन कोटेशन घ्या. आणि लक्षात ठेवा, बॅटरी नसलेलं साधं सोलर वीज गेली की बंद पडतं, त्यावर लिफ्ट चालत नाही. विक्रेता वेगळं सांगत असेल, तर ते लेखी मागा.