खेळातले गुण आणि घरातली विस्मृती

‘वडिलांना मोबाईलवर बुद्धीचे खेळ लावून दिले आहेत, आता विसरणे कमी होईल ना?’ असा प्रश्न हल्ली दवाखान्यात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर खेळाच्या नावापेक्षा त्याच्या रचनेवर अवलंबून असते.

अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या अभ्यासात ६५ वर्षांवरील २,८३२ स्त्री-पुरुष सहभागी झाले होते. काहींना स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या, काहींना तर्क, तर काहींना संगणकावर झटपट ओळखण्याचा सराव दिला. या तिसऱ्या सरावात पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एक वाहन दिसे आणि त्याच वेळी कडेला दुसरे. मधले कोणते आणि कडेचे कुठे, हे दोन्ही सांगायचे. उत्तरे अचूक येऊ लागली की चित्र दिसण्याचा अवधी घटे. म्हणजे खेळ ज्याच्या-त्याच्या कुवतीच्या किंचित पुढे राही. दहा वर्षांनंतरही तर्क आणि वेग यांचा लाभ त्या-त्या कसोट्यांत टिकून होता, स्मरणाच्या युक्त्यांचा मात्र ओसरला होता.

याउलट, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ११,४३० जणांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. ते त्या खेळांत तरबेज झाले, पण सराव न केलेल्या कामांत त्यांना फारसा लाभ झाला नाही. (ही मंडळी साठीच्या आतली होती, हे ध्यानात असावे.)

नाणी, टाळ्या, ‘आज खेळला नाहीत तर मालिका तुटेल’ अशी सूचना, यांनी माणूस खेळाकडे पुन्हा ओढला जातो. शिकतोच असे नाही. उलटे धावणारे घड्याळ तर मला मुळीच रुचत नाही. मोतीबिंदू वा हातांचा कंप असेल, तर उत्तर ठाऊक असूनही बोट वेळेत पोहोचत नाही आणि आजोबा स्वतःला मंदबुद्धी समजू लागतात. घड्याळ बंद करता येते का, अक्षर मोठे होते का, चुकल्यावर योग्य उत्तर दाखवले जाते का, हे आधी पाहावे. गुण चारचौघांत वाचून दाखवू नयेत.

ओळखीचा रस्ता चुकणे, गॅस चालू राहणे, औषध दोनदा घेतले जाणे असे घडत असेल, तर उत्तम गुणांवर विसंबून राहू नये. बी-१२ची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे ही कारणे तपासता येतात आणि त्यांवर उपचार आहेत. तपासणीला येताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. झोपेच्या आणि सर्दीच्या काही औषधांनीही स्मरण मंदावते.