रोपांचा सोहळा आणि भूमीचा शब्बाथ

पावसाळा लागला की आमच्या धर्मग्रामांत वृक्षारोपणाचा सोहळा होतो. मिस्सा आटोपल्यावर मान्यवर ओळीने उभे राहतात, रोपाला झारीने पाणी घातले जाते, छायाचित्र निघते आणि कर्तव्य पार पडते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप! जुन्याचे काय झाले, हे विचारण्याची पद्धत नाही. त्या छायाचित्रांत आम्हीही उभे राहिलो आहोत. म्हणूनच हा सोहळा आता थांबवावा, असे स्पष्टपणे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

जमिनीची धूप रोपे कमी पडल्यामुळे होत नाही. उतारावरील रान बारमाही चरले गेले, त्यावर कुऱ्हाड चालली, की भूमी उघडी पडते. पावसाचे थेंब आपटून तिची रंध्रे बुजतात. पाणी मुरण्याऐवजी धावू लागते आणि धावताना माती घेऊन जाते. जो थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागली, तो ओढ्याला मिळतो. मागे उरतो मुरूम. त्या मुरमात आमचे हौशी रोप जगावे तरी कसे?

यावरचा उपाय अज्ञात नाही. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांनी तो करून दाखवला आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपले आयुष्य याच कामी वेचले. १९९३ साली त्यांच्या पुढाकाराने ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे: डोंगरावर सलग समतल चर, शेतांची बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावर बंधारे. जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. राखलेल्या रानात प्रथम कुसळ येते, मागाहून मारवेल आणि पवन्या. मेलेसे वाटणारे बुंधे फुटतात. बोर, बाभूळ, हिवर आपले आपण वर येतात. मनुष्याने फक्त हात आवरायचा असतो.

परंतु हात कोणी आवरायचा? आमचा खरा वाद येथे आहे. चराईबंदी झाली की विहिरींना पाणी येते ते पायथ्याशी जमीन असणाऱ्यांच्या. रान बंद होते ते दोन शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीनाचे. ज्याची विहीर त्याला पाणी, ज्याची शेळी त्याला बंदी! आणि वर ‘शेळीनेच रान खाल्ले’ असा ठपका. ज्या विधवेच्या घरी औषधाला पैसा शेळी विकूनच येतो, तिला हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? पायथ्याच्या बागायतदाराने वाढलेले पाणी कूपनलिकेने उपसून उसाला पाजले, तर भूमिहीनाचा त्याग कोणाच्या कामी आला? हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी कूपनलिकांना मनाई केली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, ती याच शहाणपणातून.

वाचकहो, पवित्र शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा, अशी आज्ञा निर्गम आणि लेवीय या ग्रंथांत आहे. आपण तेवढेच लक्षात ठेवतो. त्या विसाव्याच्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबाने, मजुराने आणि जनावरांनी खावे, हेही तेथेच सांगितले आहे. भूमीचा विसावा आणि गरिबाची भाकर यांची तेथे फारकत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात भूमीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले.

तेव्हा आमचे मागणे असे: रान एकदम नव्हे, पाळीपाळीने बंद व्हावे. राखलेल्या रानातील गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा असावा. चर खोदण्याची मजुरी आधी त्यांच्या हाती पडावी. ज्यांच्या विहिरी भरतील, त्यांनी त्या लाभातला वाटा गावाच्या चारा निधीत टाकावा.

आणि आरंभ परक्याच्या बांधावर नको. ख्रिस्तसभेच्या संस्थांकडे जेथे पडीक माळ आहे, तेथे या वर्षी रोप न लावता चर खोदा, रान राखा आणि पहिल्या गवताचा भारा शेळीवाल्या घरी पोहोचवा. छायाचित्र नाही निघाले तरी चालेल.