कप्तानाने लावलेले लग्न : कायदा काय म्हणतो?

भर समुद्रात जहाज चालले आहे, डेकवर वधूवर उभे आहेत आणि शुभ्र गणवेशातील कप्तान त्यांना पती-पत्नी म्हणून घोषित करीत आहे, हे दृश्य आपण इंग्रजी चित्रपटांत पाहिलेले असते. त्यातून कप्तानाला लग्न लावण्याचा जन्मजात अधिकार असतो, अशी समजूत जगभर रुजली आहे. वसई, मुंबई व गोवा येथील अनेक कॅथलिक तरुण-तरुणी आज प्रवासी जहाजांवर नोकरी करतात. तेथेच ओळखी होतात आणि विवाह ठरतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

केवळ कप्तानपदामुळे असा अधिकार कोणालाही मिळत नाही. खुल्या समुद्रात जहाजावर सामान्यतः ते ज्या देशात नोंदलेले असते त्या देशाचा कायदा चालतो. तो कायदा अधिकार देत असेल तरच कप्तान विवाह लावू शकतो. अमेरिकन नौदलाच्या नियमांनी तर आपल्या जहाजप्रमुखांना विवाहविधी करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. फिलिपिन्सच्या १९८७ च्या कुटुंब संहितेनुसार प्रवासी किंवा खलाशी मृत्युशय्येवर असेल तरच कप्तानाला विवाह लावता येतो. याउलट बर्म्युडाचा कायदा तेथील निबंधकाकडून आधी परवाना घेतल्यास कप्तानाला विवाह लावू देतो. क्युनार्ड या प्रसिद्ध कंपनीने २०११ साली आपल्या जहाजांची नोंदणी ब्रिटनमधून बर्म्युडाला हलविली, त्यामागे हेही एक कारण होते, कारण ब्रिटिश नोंदणीखाली अशा विवाहांना मान्यता नव्हती.

आपल्या देशात काय स्थिती आहे? भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ च्या पाचव्या कलमात ख्रिस्ती विवाह कोण लावू शकतो याची यादी दिली आहे. दीक्षित धर्मगुरू, परवानाप्राप्त धर्मसेवक, विवाह निबंधक आदींचा तीत समावेश आहे, कप्तानाचा नाही. विशेष विवाह कायदा १९५४ आणि परदेशी विवाह कायदा १९६९ या दोहोंखाली विवाह अधिकारी सरकारने नेमलेला असावा लागतो. तेव्हा परदेशी जहाजावरील विवाहाला भारतात आपोआप मान्यता मिळेल असे कोणी गृहीत धरू नये. वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा.

नागरी कायद्याने विवाह मान्य केला, तरी कॅथलिक व्यक्तीसाठी प्रश्न तेथे संपत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कॅनन ११०८) विवाह वैध ठरण्यासाठी स्थानिक बिशप, धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू किंवा त्यांनी अधिकार दिलेला धर्मगुरू वा डीकन आणि दोन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक असते. जोडीदार कॅथलिक नसला, तरी बिशपांकडून सूट मिळाल्याशिवाय हा नियम टळत नाही.

हा नियम जाचक वाटेल, परंतु त्यामागचा इतिहास पाहावा. १५६३ साली ट्रेंट येथील विश्वपरिषदेने तो घातला, कारण त्या काळी गुप्त विवाहांचा सुळसुळाट झाला होता. एकीला गुपचूप वचन देऊन पुरुष दुसरीशी उघडपणे विवाह करी आणि पहिलीच्या हाती पुरावा नसे. विवाहाच्या नोंदवहीतील ती ओळ दुर्बळाच्या रक्षणासाठी आहे.

समुद्रावरील माणसांना ख्रिस्तसभा विसरलेली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९७ च्या ‘स्तेल्ला मारिस’ या आदेशानुसार जहाजावरील चॅप्लेन प्रवासात विवाह लावू शकतो. मात्र त्यासाठी वधू किंवा वराच्या धर्मग्रामाकडून अथवा, ते फिरस्ते असल्यास, जहाजावर चढलेल्या बंदराच्या धर्मग्रामाकडून त्याला अधिकार मिळालेला असला पाहिजे आणि नोंद तेथे पाठविली पाहिजे. मृत्यूचा धोका असेल, किंवा अधिकारप्राप्त धर्मगुरू महिनाभर तरी मिळणार नाही असे दिसत असेल, तर केवळ दोन साक्षीदारांसमोर दिलेली संमतीही वैध ठरते (कॅनन १११६). त्या प्रसंगी कप्तान साक्षीदार होऊ शकतो, विवाह लावणारा नव्हे.

जानेवारी २०१८ मध्ये चिलीतील विमानप्रवासात पोप फ्रान्सिस यांनी विमानातील दोन कर्मचाऱ्यांचा विवाह लावला, हे अनेकांना आठवत असेल. तो अधिकार पोपपदाचा होता, विमानाचा नव्हे. तेथेही साक्षीदार होते, आणि एका कार्डिनलांनी हाताने दाखला लिहून काढला. आकाशातसुद्धा नोंद टळली नाही!

आपल्याकडे घडते ते असे. जहाजावरून छायाचित्रे येतात, घरचे आनंदतात आणि वर्षा-दोन वर्षांनी बाळाच्या स्नानसंस्कारासाठी अर्ज भरताना आईवडिलांच्या विवाहाचा दाखला कोठेच नसल्याचे ध्यानात येते. त्या बाळाला स्नानसंस्कार नाकारला जात नाही, हे आधी स्पष्ट करतो. पण त्या कोवळ्या आईच्या मनाला जी टोचणी लागते, ती टाळता आली असती.

म्हणून पालकांना विनंती की, मुलगा किंवा मुलगी जहाजावर विवाहाचे बोलू लागली तर रागावू नका. तारीख ठरण्यापूर्वी त्यांना आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटायला सांगा. ज्यांचा असा विवाह होऊन गेला आहे, त्यांनी संकोच करू नये. बहुतेक वेळा वेदीसमोर दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत संमती पुन्हा देऊन विवाह वैध करता येतो. त्यासाठी मोठा समारंभ लागत नाही. सुट्टीवर घरी आलात की धर्मग्रामाच्या कार्यालयात जरूर या.