रणभूमीची यात्रा कोणासाठी?

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने नावाचे एक लहानसे डोंगरी गाव आहे. जुलै २०२३ मध्ये या गावाने आणि इटलीतील काही युद्धेतिहासकारांनी मिळून तेथे एक स्मारक उभारले. तोफ नाही, तलवार नाही. ते एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्याचे ब्रीद आहे. ज्यांच्या नावाने ते उभे आहे ते नाईक यशवंत घाडगे हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले बाकी सारे मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाले, तेव्हा हा बाविशीचा तरुण एकटाच पुढे धावला. त्यांनी ते ठाणे निकामी केले आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांना ते बळी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी मात्र नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

अशा ठिकाणी महाराष्ट्रातून माजी सैनिकांनी, जवानांच्या वारसांनी गटागटाने जावे, तिथल्या लोकांना भेटावे, हे स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच की या यात्रेकरूंनी बरोबर काय न्यावे आणि काय घेऊन परतावे? पुष्पचक्र, फेटे, घोषणा आणि छायाचित्रे एवढ्यावरच सारे आटोपले, तर तिला यात्रा म्हणण्याऐवजी वरात म्हणणे अधिक योग्य होईल.

कारण ही वरात एक प्रश्न सोयीस्करपणे विसरते. हे युद्ध कोणी पुकारले होते? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी या देशातील एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. ज्याला स्वतःच्या देशात मत नव्हते, त्याला दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी प्राण देण्यास धाडण्यात आले. शौर्याच्या जयघोषात ही विसंगती बुडवून टाकणे म्हणजे मृताला दुसऱ्यांदा पलटणीत भरती करणे होय.

परंतु दोष केवळ जयघोष करणाऱ्यांचाच नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्यांतही एक वर्ग असा आहे की जो या जवानांना भाडोत्री म्हणून मोकळा होतो. हा निवाडा तितकाच निर्दय आहे. सातारा जिल्हाच पाहा. १९४३ पासून तेथे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ब्रिटिश सत्तेला आव्हान देत होते. आणि त्याच जिल्ह्यातील तरुण मराठा पलटणींतून समुद्रापार लढत होते. एकाच मातीतील ही माणसे. कोरडवाहू शेताचा तुकडा, सावकाराचे देणे आणि घरात खाणारी तोंडे, यांतून भरतीच्या तंबूकडे जाणाऱ्या वाटेला स्वेच्छा म्हणायचे की सक्ती? शिवाय समोरचा शत्रू नाझी फौजेचा होता, हेही विसरता येत नाही. फॅसिझमचा पाडाव व्हावा, ही तर आपल्या चळवळीचीही इच्छा होती. साम्राज्याने आपल्या स्वार्थासाठी ज्यांना वापरले, त्यांच्या हातून मानवजातीचेही काही काम झाले. हे दोन्ही सत्य एकदमच सांगितले पाहिजे.

आणि सांगायचे ते केवळ व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांबद्दल नव्हे. इटलीत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले. ५,७८२ मृत्युमुखी पडले. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. सहा नावे आपण अभिमानाने घेतो. उरलेल्या हजारोंचे काय? सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत, ज्यांचे तेथे दहन झाले अशा पाचशेहून अधिक भारतीयांची नावे निदान कोरलेली तरी आहेत. पहिल्या महायुद्धातील त्यांच्या वाडवडिलांच्या नशिबी तेही नव्हते. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमारीने झिजल्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले गेले आणि हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. आपल्या कित्येक खेड्यांत साहेबाने लावलेल्या संगमरवरी पाट्या अजून आहेत: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. नाव एकाचेही नाही. हा भेदभाव झाला होता, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये कबूल केले आणि माफी मागितली. तब्बल शतकानंतर!

स्थानिकांना भेटण्याचा खरा अर्थही येथेच लागतो. नगराध्यक्षांनी हार घालावा आणि आपण शाल द्यावी, ही भेट नव्हे. घाडगे ज्या शिवारात पडले, तेथे त्या काळी अर्धेलीची शेती होती. निम्मे पीक जमीनदाराच्या कोठारात जाई. असे नवे करार करण्यास इटलीत बंदी आली ती १९६४ साली. इकडे घाडगे वाढत होते त्याच काळात, त्यांच्याच जिल्ह्यात, चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये. म्हणजे एका परक्याच्या जमिनीवर राबणाऱ्याचा मुलगा दुसऱ्या तशाच राबणाऱ्याच्या बांधावर लढत होता. त्यांची नातवंडे एकत्र बसली तर त्यांना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त तसा वेळ कार्यक्रमपत्रिकेत राखून ठेवला पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक यात्रेचा आरंभ विमानतळावर न होता त्या जवानाच्या गावात व्हावा. शासनाने दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या गावनिहाय याद्या मराठीत छापाव्यात आणि त्या आकड्यांच्या पाट्यांशेजारी नावांच्या पाट्या लावाव्यात. ज्यांच्याजवळ प्रवासाचे पैसे नाहीत, अशा वारसांना सरकारी खर्चाने नेण्यात यावे. कारण आज पैशाअभावी घरी राहतो तो बहुधा त्यांचाच नातू असतो. आणि रणभूमीवर पोहोचल्यावर घोषणांऐवजी त्या याद्या मोठ्याने वाचाव्यात, शेवटच्या शिपायापर्यंत.

मोंतोनेच्या लोकांनी परक्या देशातील एका शेतकऱ्याच्या पोराला आपल्या सूर्याखाली जागा दिली. त्याच्यासोबत गेलेल्यांना आपल्या गावाच्या वेशीत जागा देणे, एवढे तरी आपल्याला जमले पाहिजे.