नदीचा गाळ आणि शिसे

पनवेल तालुक्यातील कासाडी नदी तळोजे औद्योगिक वसाहतीजवळून वाहत खाडीस मिळते. अशा नदीचे पाणी निवळले की तिचा दोष गेला, ही समजूत शिशाच्या बाबतीत तरी खरी नव्हे. शिसे पाण्यात फारसे विरघळून राहत नाही. मातीच्या बारीक कणांस चिकटून ते तळाशी बसते, पुराबरोबर उठते आणि प्रवाह मंदावला की पुन्हा बसते. यास्तव उन्हाळ्यात बाटलीभर पाणी तपासून नदीस निर्दोष ठरविणे अपुरे होय.

शिसे केवळ कारखान्यांच्या सांडपाण्यातूनच येते असे नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळविण्याच्या भट्ट्या व जुने रंग यांतूनही ते ओढ्यात उतरते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. परंतु शिसे कुजत नाही, आणि हमरस्त्यालगतच्या मातीत मुरलेले शिसे आपोआप नाहीसे होत नाही.

धरणांतील गाळ शेतात नेण्यास शासनाने २०१७ पासून उत्तेजन दिले, ते योग्यच. मात्र धरणाचा गाळ वेगळा, वसाहतीच्या खालच्या अंगाचा वेगळा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा दुसरा गाळ तपासल्यावाचून खाचरात पडू देऊ नये. नेहमीच्या माती-परीक्षणात शिसे पाहिले जात नाही. ती तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. शिशाची बाधा लहान मुलांच्या मेंदूस सर्वांत अधिक होते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. नदीकाठच्या पालेभाज्या व कंदमुळे माती पूर्ण निघेपर्यंत धुवावीत.