रणगाड्यांचा खेळ आणि ओटीवरचे न्यायाधीश

आमच्या घोटीस पावसाळा लागला कीं दोन गोष्टी नेमानें घडतात. शेतांत भाताची आवणी होते आणि ओटीवर मुलांच्या मोबाइलची निंदा होते. पहिलीस चिखलांत उतरावें लागतें, दुसरीस कांहींच लागत नाहीं. म्हणून दुसरी अधिक उत्साहानें चालते. गेल्या आषाढांत एका सुशिक्षित गृहस्थांच्या ओटीवर असाच प्रसंग आला. त्यांच्या दहावींतील चिरंजीवांनीं रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळांत संध्याकाळ घालविली, या अपराधाबद्दल जमलेल्या मंडळींनीं त्यास एकमुखानें दोषी ठरविलें. ‘असल्या खेळानें मुलें एकलकोंडीं, आततायी आणि विचारशून्य होतात,’ असा निकाल झाला आणि मोबाइल कपाटांत कुलुपबंद झाला. न्यायाधीशांपैकीं एकानेंहि तो खेळ पाहिलेला नव्हता. मींहि पाहिला नव्हता, आणि तरी मान डोलाविली होती. त्या दोषाचें परिमार्जन म्हणून हा लेख.

पुढें मीं त्या वडिलांकडून तो मोबाइल तासापुरता मागून घेतला आणि मुलाशेजारीं बसून खेळ पाहिला. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ हा खेळ मिन्स्क येथें स्थापन झालेल्या वॉरगेमिंग कंपनीनें २०१० सालीं आणला. त्याची ‘ब्लिट्झ’ ही मोबाइलवरील आवृत्ति २०१४ ची. मूळ खेळांत १५ विरुद्ध १५, मोबाइलवर ७ विरुद्ध ७ असा नेहमींचा सामना. प्रत्येकास एकच रणगाडा. तो नष्ट झाला कीं त्या डावापुरता खेळाडू संपला. हलका रणगाडा चपळ, पण त्याचें चिलखत पातळ. जड रणगाड्याचें चिलखत समोरून जाड, परंतु कुशीला आणि पाठीला दुबळें. रणगाडाभेदी गाड्यांचा मारा दूरवर पोंचतो, पण त्यांपैकीं पुष्कळांची तोफ चौफेर फिरत नाहीं. सर्वगुणसंपन्न असा कोणीच नाहीं. म्हणून एकाची उणीव दुसऱ्यानें झांकावयाची. एक गोळा सुटल्यावर दुसरा भरेपर्यंत जे सेकंद जातात, तेवढा वेळ सोबत्यानें राखावयाचा. आणि शत्रु दिसण्यासाठीं कोणीतरी धोका पत्करून पुढें जावयाचें. त्यानें पाहिलेला शत्रु मग मागच्यांसहि दिसूं लागतो. अशा वेळीं गोळा दुसऱ्यानें टाकला, तरी श्रेयाचा कांहीं वाटा शत्रु दाखविणाऱ्याच्या पदरीं पडतो.

आतां न्यायाधीशमंडळींस माझा एक प्रश्न आहे. शेजारच्या बाकावरील मुलास अडलेलें गणित समजावून देणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या परीक्षांत गुण किती? एकहि नाहीं. पहिल्या इयत्तेपासून आपण मुलास सांगतों कीं, वही झांकून लिही, दुसऱ्यास दाखवूं नकोस, अमक्याच्या पुढें जा. शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर गृहपाठ. हुतुतूचें आणि आट्यापाट्यांचें मैदान त्याच्या दिनक्रमांतून आपणच पुसून टाकलें. मग ‘तूं कोठें उभा आहेस? तुझ्या पाठीशीं कोण आहे?’ हें त्यास विचारणारें उरलें कोण? परक्या देशांतून आलेला एक खेळ! एकलकोंडेपणाची शाळा आपण काढली आणि ठपका मात्र मोबाइलवर ठेवला.

फळी न मोडतां लढणें ही क्षुल्लक विद्या आहे, असें मराठी माणसानें तरी म्हणूं नये. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवाइती पायदळ यांच्या आधारानें गोल करून चालावें, असा बेत होता. गारद्यांची बगल राखण्याऐवजीं विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळानें पुढें मुसंडी मारली आणि रोहिल्यांच्या बंदुकांपुढें त्याचा मोड झाला, ही हकीकत आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळून सांगत आलों. विंचूर तर आमच्याच जिल्ह्यांतलें. शौर्य तेथें तिळभरहि कमी नव्हतें. कमी होती ती सोबत. उलट १७२८ सालीं पालखेडास पहिल्या बाजीरावानें निजामास अवजड तोफखाना मागें टाकावयास लावून, त्याचें दाणापाणी तोडून, मोठी लढाई न देतां तहावर आणलें. लढण्यापूर्वीं विचार करणें म्हणजे काय, याचा दाखला याहून स्वच्छ कोठला? हे दोन्ही धडे पाठ्यपुस्तकांतून आपण सनावळीसारखे घोकले. तो मुलगा त्यांतील चूक रोज सात मिनिटांच्या डावांत करतो आणि तिचें फळ तेथेंच भोगतो.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले कांहीं खरे आहेत. हा खेळ म्हणजे युद्ध नव्हे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयांत खरे रणगाडे पाहणाऱ्यास तें सांगावें लागत नाहीं. पूना हॉर्स या रिसाल्याचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १९६५ च्या सप्टेंबरांत सियालकोटच्या आघाडीवर जखमी होऊनहि मागें गेले नाहींत आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यांत एकेकांत चार माणसें असत, आणि चौघांचे प्राण एकमेकांच्या हातीं असत. मोबाइलवर एकच अंगठा सर्व कांहीं करतो आणि मरण कोणासच नाहीं. खेळानें वीर घडतात, असें मी म्हणत नाहीं. बुद्धिबळानेंहि राजे घडले नाहींत. तरी आपण तें मुलांस शिकवितों.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. झोंप मोडून खेळणें वाईटच. पण रात्रभर कादंबरी वाचणेंहि त्याच मापानें वाईट. असल्या खेळांत पैसे देऊन खास गाडे विकत घेतां येतात, त्या मोहास आईबापांनींच लगाम घालावयास हवा. परंतु जुगार आणि खेळ यांत भेद आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेस मान्यता दिली. संसदेस जो भेद दिसला, तो ओटीवर बसलेल्या पदवीधरांस दिसूं नये काय?

त्या तासांत मुलानें तीन डाव हरले. तिसरा संपल्यावर मीं त्यास विचारलें, ‘कां रे हरलांत?’ मला वाटलें, तो आतां सोबत्यांस बोल लावील. तो म्हणाला, ‘काका, आमच्यांतला एक पुढें पळाला. मीं त्याच्या मागें जायला हवें होतें. मी टेकडीमागें थांबलों. चूक माझीपण आहे.’

वाचकहो, त्या ओटीवर गेलीं कित्येक वर्षें मी बसत आलों आहें. गांवच्या रस्त्यापासून देशाच्या धोरणापर्यंत तेथें सर्वांचा पराभव सांगितला जातो, कारणें दिलीं जातात, दोषी ठरविले जातात. ‘चूक माझीपण आहे,’ हें वाक्य तेथें मीं अद्याप एकदांहि ऐकलेलें नाहीं. मोबाइल त्या दिवशीं पुन्हां कपाटांत गेला. किल्ली कोणाजवळ असावी, एवढाच प्रश्न मीं त्या वडिलांपुढें ठेवून आलों.